आधी एक गाळा, मग करार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही भांडुपच्या एका अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवता आणि जूनपासून 'उद्योग व समाज सहकार्य कक्षा'चं समन्वयकपद तुमच्या गळ्यात पडलंय. प्राचार्यांना मार्चपर्यंत वीस एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, हवेत. कंपन्यांना आणि आसपासच्या वस्त्यांना जोडून घ्यायचं कसं, पैसे कुठून आणायचे, आणि शेवटी तुम्ही जे जरा वैतागूनच लिहिलंय ते, म्हणजे 'यातून परिसराचा खरंच काही विकास होतो, की हे सगळं नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, तपासणीपुरतंच?'

मी आधी सात वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगांच्या कारखान्यात प्रॉडक्शनला होते. नंतर वीस वर्षं मुंबईतल्या एका तांत्रिक संस्थेत उद्योग-संपर्काचं काम केलं. कॉलेजचा फोन आला की कारखान्यातले लोक एकमेकांकडे बघून कसे हसतात ते मला माहीत आहे, आणि कॉलेजातून तो फोन लावताना पोटात कसा गोळा येतो तेही.

वीस एमओयू मिळवणं मुळीच कठीण नाही. तुमच्या माजी विद्यार्थ्यांत दहा जण तरी कुठे ना कुठे मॅनेजर असतील. लेटरहेड, दोन सह्या, शाल-श्रीफळ, बॅनरसमोर फोटो, की झालं. कठीण आहे तो त्यानंतरचा सोमवार. त्या दिवशी कोण, कुणाकडे, कोणतं काम घेऊन जाणार? माझ्याकडच्या कपाटात एके काळी साठेक करार होते. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांत आमचा माणूस सहीनंतर पुन्हा कधी गेलाच नाही. आणि ज्यांच्याबरोबर खरंच काम झालं, त्यांच्यातल्या निम्म्यांशी तर करार नंतर झाला, कारण तोवर अकाउंट्सवाल्यांना कागद हवा झाला होता.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रमात एखादा पेपर तुम्ही स्वतः बसवू शकता, नसेल तर विद्यापीठाच्या चौकटीतच फट शोधावी लागते. प्राचार्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं असतील तर तीन वर्षांची योजना मांडू नका. तुमची प्रयोगशाळा चालू अवस्थेत आहे का, लॅब असिस्टंटची जागा भरलेली आहे का, यावरही बरंच ठरतं. आणि तुम्ही एकट्या असाल तर एकच काम घ्या. दोघी असाल तर दोन.

सुरुवात कुठून? एलबीएस मार्गावरून मुलुंडकडे जाताना मोठे कारखाने होते तिथे आता टॉवर आणि मॉल आहेत, हे तुम्ही रोज बघता. पण आतल्या गल्ल्यांतल्या औद्योगिक वसाहतींत अजून छोटे गाळे चालू आहेत: प्लेटिंग, पावडर कोटिंग, प्लास्टिक मोल्डिंग, छपाई. तिथे जा. मोठी कंपनी तुम्हाला एचआरकडे पाठवेल आणि एचआर तुम्हाला एक फॉर्म देईल. गाळ्यात मालक स्वतः समोर बसलेला असतो, आणि त्याची अडचण त्याच्या पाठीमागेच चालू असते.

एका निकेल प्लेटिंगच्या, म्हणजे धातूच्या वस्तूंवर निकेलचा मुलामा चढवणाऱ्या, गाळ्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण या कामाबद्दल मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं तिथे शिकले. मालकाने पहिल्या भेटीत मागितलं ते नेहमीचंच: 'मॅडम, स्वस्तात दोन मुलं द्या.' मी म्हटलं, मुलं देईन, पण आधी त्यांना एक आठवडा नुसतं उभं राहून बघू द्या. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याचा खरा ताप पाण्याचा होता. टँकरचं बिल वाढत होतं, आणि वापरलेल्या पाण्यातल्या निकेलमुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आलेली होती.

आमच्या दोन मुलींनी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून एकच गोष्ट मोजली. कामगार निकेलच्या बाथमधून, म्हणजे द्रावणाच्या टाकीतून, वस्तू टांगलेला रॅक वर काढतो आणि धुण्याच्या टाकीत बुडवतो, त्यात किती वेळ जातो? जेमतेम तीन सेकंद. रॅकवरून द्रावण ठिबकत असतानाच ते धुण्याच्या पाण्यात जात होतं. म्हणजे विकत घेतलेलं निकेल गटारात, आणि ते निकेल धुऊन काढायला आणखी पाणी. दुसरं, धुण्याची टाकी एकच होती आणि तिच्यात पाइप अखंड वाहत होता.

याचं गणित पदवीच्या मुलांना येतं, म्हणून तर ते त्यांना द्यावं. रॅकबरोबर एक लिटर द्रावण बाहेर येतं आणि ते हजारपट पातळ व्हायला हवं, असं धरा. एका टाकीत त्यासाठी हजार लिटर पाणी लागतं. त्याऐवजी दोन टाक्या ठेवल्या, ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडलं आणि तिथून ओसंडणारं पाणी पहिलीत घेतलं, तर हजारच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे साधारण ३२ लिटर पुरतं. प्लेटिंगच्या कोणत्याही पुस्तकात हे सापडेल. गाळ्यात मात्र ते कुणी करून दाखवलेलं नव्हतं.

दुसरी टाकी अडगळीत पडलेलीच होती. ती धुऊन बसवली, आणि बाथच्या वर रॅक टांगायला एक आडवी दांडी लावली. रॅक दहा-बारा सेकंद तिथे निथळायचा, मग पुढे जायचा. आम्ही खूश, मालक खूश. दोन आठवड्यांनी गेलो तर दांडी काढून कोपऱ्यात उभी करून ठेवलेली.

कामगार पीस रेटवर, म्हणजे नगावारी मजुरीवर, होता. प्रत्येक रॅकमागे दहा सेकंद म्हणजे दिवसाच्या शेवटी त्याचे पैसे कमी. आम्ही मालकाशी बोललो होतो, प्राध्यापकांशी बोललो होतो, मंडळाचे नियम वाचले होते. ज्याच्या हातात रॅक होता त्याला कुणीच विचारलं नव्हतं. मग त्यालाच विचारलं. त्याने सांगितलं, दांडी लांब करा, दोन रॅक मावू द्या. एक निथळेल तोवर मी दुसरा काढीन. तेवढंच केलं. टँकर दिवसाआड येऊ लागला. वर्षभराने तोच कामगार त्याच इस्टेटमधल्या दुसऱ्या गाळ्यात सुपरवायझर म्हणून गेला आणि त्याने तिथे तशीच दांडी लावली. आमचा चाळीस पानी रिपोर्ट पहिल्या गाळ्याच्या ड्रॉवरमध्येच असेल.

परिसराचा विकास होतो का, या तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर म्हणजे ती दुसरी दांडी. तिच्यासाठी कोणताही एमओयू नव्हता.

आता पैसे. कंपनीला तीन वेगवेगळे खिसे असतात आणि नवखे समन्वयक चुकीच्या खिशात हात घालतात. पहिला सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा ओलांडली की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. म्हणजे आपला गाळेवाला यात नाहीच. शिवाय हे पैसे कंपनीच्या नेहमीच्या धंद्यासाठी किंवा फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी वापरता येत नाहीत. 'सीएसआरमधून तुमच्या प्रॉडक्टवर संशोधन करून देतो' असं पत्र तुम्ही पाठवलंत, तर समोरच्याला कायदा कळत असेल तर तो ते बाजूला ठेवेल. आणि पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारकडे सीएसआर-१ नावाची नोंदणी लागते. ती तुमच्या कॉलेजच्या ट्रस्टकडे आहे का, हे आजच विचारून ठेवा.

सीएसआरचे फोन मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतात. 'मॅडम, अमुक रक्कम आहे, ३१ तारखेच्या आत काही होईल का?' एकदा मी मोहाला बळी पडले. एक महागडं विश्लेषण यंत्र घेतलं. ते चालवायला लागणारा गॅस, त्याची देखभाल आणि ते शिकलेला माणूस यांची तरतूद कुठेच नव्हती. दीड वर्ष ते प्लास्टिकच्या आवरणात होतं, आणि मी दर तपासणीला त्याच्यापुढे उभी राहून बोलत होते. तेव्हापासून माझा नियम असा की वस्तूबरोबर तीन वर्षांचा चालवण्याचा खर्च येत नसेल तर आभार मानून नाही म्हणायचं. प्राचार्यांना ते आवडत नाही, पण पुढच्या वर्षी पटतं.

दुसरा खिसा कारखान्याच्या स्वतःच्या कामाचा: चाचण्या, सल्ला, प्रायोजित प्रकल्प. यात कॉलेजने पावती द्यायची असते आणि सल्ल्याच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. रक्कम छोटी असली तरी घ्या. फुकट केलेल्या कामाचा निकाल कुणी वाचत नाही, पाच हजार मोजले की मालक प्रत्येक आकड्यावर वाद घालतो. तो वाद तुमच्या विद्यार्थ्यांना ऐकू द्या. तिसरा खिसा माणसांचा, म्हणजे ॲप्रेंटिस आणि इंटर्न. त्याचं बजेट बहुतेक ठिकाणी एचआरकडे असतं. तिघांचे फोन नंबर वेगळे, वर्ष संपण्याचं टेन्शन वेगळं आणि 'हो' म्हणायची कारणंही वेगळी.

तुमच्या कॉमर्सच्या सहकाऱ्यांनाही यात ओढा. उद्योग सहकार्य म्हटलं की सगळे विज्ञानाकडे बघतात, पण गाळेवाल्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट अडकलेलं पेमेंट असते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. हे माहीत असलेले गाळेवाले मला फार थोडे भेटले, आणि छोट्या उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून बिलांच्या तारखा नीट लिहून ठेवणारे त्याहून थोडे. टीवायबीकॉमची चार मुलं दहा गाळ्यांची बिलं तारखेवार लावून देऊ शकतात. एवढं झालं की त्या इस्टेटमध्ये तुमच्या कॉलेजचं नाव निघेल. मग वसुलीसाठी मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायचं की नाही, ते मालक ठरवेल. ते आपलं काम नाही.

वस्तीचं काम वेगळं, आणि माझ्या मते जास्त जबाबदारीचं. कारखानदार तुम्हाला 'आता नको' म्हणू शकतो. वस्तीतली बाई मुलांना दारात उभी बघून पाणी देते आणि प्रश्नांची उत्तरं देत बसते, तिचं काम खोळंबतं. आमची मुलं एकदा सर्वेक्षणाला गेली तेव्हा एका आजींनी त्यांना दाराची चौकट दाखवली. तिच्यावर वेगवेगळ्या रंगांत आकडे होते. 'हा झोपडपट्टीवाल्यांचा नंबर, हा खडू पोलिओवाल्यांचा, हा निळा कुठल्या तरी कॉलेजचा. तुमचा रंग कुठला, बाळा?' मुलांना हसू आलं. मला नाही आलं.

तुमच्या भांडुपमध्ये तर विषय समोरच आहे. मुंबईला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शुद्ध होतो, आणि त्याच भांडुपच्या टेकडीवर पाणी चढत नाही म्हणून बायका हंडे घेऊन खाली उतरतात. एनएसएसच्या मुलांना 'पाणी वाचवा' पथनाट्य करायला तिथे पाठवू नका, कृपा करून. त्यांच्याकडे पाणी वाचवण्याइतकंसुद्धा नसतं. त्याऐवजी वीस लिटरची बादली आणि घड्याळ द्या. टेकडीच्या पायथ्याला, मध्यावर आणि वर, ठरलेल्या नळांवर, पाणी येण्याच्या वेळी, सलग चार आठवडे बादली भरायला किती मिनिटं लागली ते लिहायचं. कोणते नळ घ्यायचे हे तिथल्या बायकांनी ठरवायचं. आकडे एका पानावर मराठीत छापायचे, त्याची पहिली प्रत वस्तीतल्या मंडळाला किंवा बचत गटाला द्यायची आणि दुसरी महापालिकेच्या एस वॉर्डच्या जलखात्याला. क्रम उलटा करू नका. ते पान घेऊन ऑफिसात कोण जाणार, आपण की त्या बायका, हेही त्यांनाच ठरवू द्या. लगेच पाणी येईल असं कुणाला सांगू नका. येईलच असं नाही. पण पुढच्या बैठकीत 'पाणी कमी येतं' याऐवजी 'वरच्या नळावर बादलीला अमुक मिनिटं' असं बोलता येतं, आणि इंजिनिअरला त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

हे काही नवं नाही, आणि तुम्हाला स्टाफरूममध्ये कुणी 'हे आपलं काम आहे का' विचारलं तर मुंबईचाच इतिहास सांगा. व्हीजेटीआय ही तांत्रिक संस्था १८८७ मध्ये निघाली तेव्हा गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते. आजची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, म्हणजे जुनी यूडीसीटी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने काढली, तेव्हा इथल्या कापडाला रंग आणि रसायनं जाणणारे लोक हवे होते. या दोन्ही संस्था माटुंग्यात आहेत, धारावीपासून दोन-तीन किलोमीटरवर. त्या अंतरात किती काम व्हायला हवं होतं आणि किती झालं, यावर मी वेगळं लिहू शकेन, पण आज नको. टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९३६ मध्ये सुरू झाली तीच भायखळ्याजवळ नागपाड्याच्या वस्तीकामातून. पुढे ती देवनारला गेली, आणि तिच्या भोवतालचा एम-पूर्व वॉर्ड २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांच्या तळाशी निघाला. २०११ मध्ये टिसने त्याच वॉर्डासाठी दीर्घ प्रकल्प हाती घेतला. दारातल्या वस्तीसाठी असा प्रकल्प घ्यायला एवढ्या मोठ्या संस्थेलाही स्थापनेपासून पंचाहत्तर वर्षं लागली. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही, तुमचं पहिलं वर्ष रिकामं गेलं तर धीर सुटू नये म्हणून सांगतेय.

मला विचाराल तर याबाबतीत सगळ्यात शहाणी आमची कृषी विद्यापीठं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. तिथे शिक्षण आणि संशोधन यांच्या बरोबरीने 'विस्तार' हे तिसरं काम पहिल्यापासून धरलेलं आहे, त्याला स्वतंत्र माणसं आहेत. त्यांचा 'नूतन झेला' माझ्या सासरी देवगडला माळ्यावर अडकवलेला असतो. काठीला पातं आणि जाळी; आंबा देठासकट निघतो, चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाही, पेटीला भाव मिळतो. आपल्या साध्या विद्यापीठांत विस्ताराचं काम एनएसएस आणि आजीवन अध्ययन विभागावर सोडून बाकीचे विभाग मोकळे झाले, ही आपली मोठी चूक.

आता वेळापत्रक, कारण बहुतेक चांगली कामं तिथेच मरतात. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर चार श्रेयांकांचे १२० तास होतात. हे तास दर शनिवारी तीन-तीन असे वाटू नका. गाळ्यात शनिवारी डिस्पॅच असतो, मुलं आडवी येतात. सत्र संपल्यावर सलग तीन आठवडे मागा. दिवाळीच्या आधीचा महिना आणि मार्च कुणालाच मागू नका. वस्तीत उलट, शनिवार-रविवार चालतो, पण पाणी यायच्या वेळेला मुलाखत मागू नका. आणि प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीला एक वही द्यायची: कोणाला भेटलो, काय कबूल केलं, काय राहिलं. दरवर्षी नवी मुलं तेच प्रश्न घेऊन जातात, ते या एका वहीने बरंच थांबतं.

राहता राहिले तुमचे प्राचार्य. त्यांच्यावर दबाव आहे, त्यांना उडवून लावू नका. नॅकला करारांची संख्या लागते हे खरं, पण कराराखाली प्रत्यक्ष काय केलं त्याचा पुरावाही मागतात. त्यांच्यासमोर एक साधा तक्ता ठेवा: करार कुणाशी, त्याखाली या वर्षी काय काम झालं, त्याचा कागद कुठे आहे. कॉलेजचे जुने करार त्यात भरा. दुसरा रकाना बराचसा कोरा निघेल, आणि तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला बरा. मग विचारा, 'सर, यातले पाच जिवंत करू आणि तीन नवे, चालेल?' माझ्या अनुभवात वीसाचे आठ होतात. एकदा एका सरांनी बारावर तडजोड केली, तेवढं घासाघीस करायची तयारी ठेवा.

येत्या आठवड्यात वेळ असेल तर एखाद्या दुपारी दोनच्या सुमारास जवळच्या इस्टेटमध्ये जा. जेवण झालेलं असतं, मशिनं पुन्हा सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं असतात. व्हिजिटिंग कार्ड आणि माहितीपत्रक घरी ठेवा. कुणाच्या गाळ्याबाहेर टँकर उभा आहे ते बघा आणि आत जाऊन विचारा, आठवड्याला किती लागतात. काय उत्तर मिळालं ते इथे लिहा, पुढचं तिथून बोलू.